रगत थांबवायचं इंजेक्शन: तुमचे प्रश्न आणि भूलवाल्या बाईंची उत्तरं

मागच्या अंकात बाळंतपणातल्या रक्तस्रावाबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं नाव आलं, आणि तेव्हापासून माझ्याकडे पत्रं आणि मेसेज यायचे थांबतच नाहीयेत. म्हणून यावेळी पूर्ण सदर त्या एकाच इंजेक्शनला देऊन टाकलंय. सगळ्यांची नावं काढलीत, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

यावल तालुक्यातून एक दादा लिहितात:
मॅडम नमस्कार. माझ्या वहिनीची डिलिव्हरी जळगावला प्रायव्हेटमध्ये झाली, नॉर्मल झाली पण नंतर रक्त थांबेचना, सिस्टर एकामागे एक चिठ्ठ्या देत होत्या, मी चार वेळा मेडिकलवर खाली-वर केलं. आता वहिनी ठणठणीत आहे. पण घरी आल्यावर बिल बघितलं तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे ४ अँप्युल लावलेत. गावातला एक जण म्हणतो एकच लागतं, तीन फुकटचे लावले तुम्हाला. आणि मोठी आई म्हणते त्या इंजेक्शननं रक्त घट्ट होतं, पुढे लकवा मारतो, बाळालाही दूध पाजू नका. खरं काय ते सांगा.

दादा, आधी बिलाचं मिटवू. आपल्याकडे हे इंजेक्शन बहुतेक ५ मिलीच्या अँप्युलमध्ये येतं आणि त्यात ५०० मिलिग्रॅम औषध असतं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात एक डोस असतो १ ग्रॅमचा, म्हणजे एका डोसला २ अँप्युल झाले. तो शिरेतून सावकाश, साधारण १० मिनिटं घेऊन द्यायचा असतो, धाडकन ढकलला तर बीपी पडतं, मळमळतं, गरगरतं. आणि अर्ध्या तासानंतरही रक्त चालूच असेल, किंवा थांबून २४ तासांच्या आत परत सुरू झालं, तर आणखी १ ग्रॅम देतात. २ आणि २ चार. तुमच्या वहिनीचं रक्त पहिल्या डोसला आटोक्यात आलं नसणार, म्हणून दुसरा दिला. यात फसवणूक कुठेच दिसत नाही, गावातल्या त्या भाऊंना माझा नमस्कार सांगा.

आता हे काम कसं करतं ते समजलं की मोठ्या आईची भीतीही बरीचशी जाईल. तुमच्याकडे केळीची बाग असणारच, यावलच्या माणसाला काय सांगायचं. पाटाचा बांध फुटला की तुम्ही माती टाकून तो परत बांधता. शरीर तेच करतं, जिथे शीर फाटली तिथे फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी विणतं आणि तो झाला क्लॉट, म्हणजे रक्ताची गाठ. पण शरीरातच प्लाझमिन नावाचा एक खेकडाही आहे जो बांध पोखरत बसतो. (बांध खेकड्यांनी पोखरला म्हटलं की लोकांना राजकारण आठवतं, पण इथे ते खरंच घडतं.) एरवी हा खेकडा कामाचाच, नाहीतर जुन्या गाठी विरघळणार कशा. पण बाळंतपणात किंवा मोठ्या अपघातात तो असा सुटतो की इकडे बांध घातला की तिकडे पोखरला. खेकड्याची नांगी फायब्रिनच्या धाग्यावर जिथे पकड घेते तिथे लायसिन नावाचा एक तुकडा असतो, आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिसायला त्या लायसिनसारखंच आहे, म्हणून ते जाऊन नांगीतच बसतं. नांगी भरलेली, मग पकडणार कशानं?

म्हणजे हे औषध नवीन गाठ बनवत नाही, रक्त 'घट्ट' तर अजिबात करत नाही, झालेली गाठ टिकवतं एवढंच. म्हणूनच ते एकटं पुरत नाही. पिशवी आकुंचन पावली पाहिजे, त्यासाठी ऑक्सिटोसिन वेगळं, पोटावरून पिशवी चोळणं वेगळं, वार अडकलीय का, कुठे फाटलंय का ते बघणं वेगळं, आणि गेलेल्या रक्ताच्या जागी रक्त लागतंच. तुम्ही चार वेळा मेडिकलवर पळालात ते या सगळ्यासाठी.

लकव्याचं. २०१७ साली या इंजेक्शनची मोठी तपासणी छापून आली, २१ देशांतल्या २०,०६० बायका होत्या तिच्यात, सगळ्या बाळंतपणानंतर रक्त जाणाऱ्या. ज्यांना ३ तासांच्या आत मिळालं त्यांच्यात रक्तस्रावानं होणारे मृत्यू हजारात १७ वरून १२ वर आले, आणि पायात किंवा फुप्फुसात गाठ होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं ३ तासांच्या आत द्या असं सांगितलं. औषध किडनीवाटे लघवीतून जातं, बहुतेक सगळं एका दिवसात बाहेर. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्यामुळे लकवा वगैरे काही नाही. दुधात फारच थोडं उतरतं, बाळाला पाजा बिनधास्त, मोठ्या आईला सांगा मी सांगितलंय.

फक्त एक, आणि हे इंजेक्शनमुळे नाही तर बाळंतपणामुळेच: पहिल्या दीड महिन्यात कुठल्याही बाळंतिणीला पायात गाठ व्हायची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, किंवा अचानक दम लागला तर बाज सोडून थेट दवाखाना. शेक-शेगडी नंतर बघू.

जाता जाता एक सांगते, मला फार आवडतं ते. हे औषध १९६२ साली जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके या जोडप्यानं शोधलं. उताकोबाई लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. त्यांना हे बाळंतिणींसाठीच वापरायचं होतं, पण त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी तपासणी करायलाच दाद दिली नाही. २०१६ साली त्या ९८ व्या वर्षी गेल्या, आणि वर वीस हजार बायकांची तपासणी सांगितली ना, तिचा निकाल पुढच्या वर्षी आला.

पारोळ्याहून एक वाचक:
मॅडम माझ्या मित्राचा हायवेला संध्याकाळी ७ ला ॲक्सिडेंट झाला, गाडीचं हँडल पोटात लागलं. जवळच्या एका दवाखान्यात सलाईन लावून धुळ्याला न्या सांगितलं, मग गाडी मिळण्यात वेळ, मग नातेवाईक येण्यात वेळ, धुळ्याला पोचलो साडेअकराला. मी तोवर मोबाईलवर वाचलं होतं म्हणून तिथल्या डॉक्टरांना म्हटलं ट्रॅनेक्सा द्या, तर ते म्हणे आता नको. मी खूप चिडलो, आवाज पण चढवला. नंतर प्लीहा काढली, मित्र वाचला. पण त्यांनी का नाही दिलं? पैसे द्यायला तयार होतो आम्ही.

भाऊ, तुमचा राग समजतो पण धुळ्याचे डॉक्टर बरोबर होते. चिडायचं असेल तर ७ ते साडेअकरा या साडेचार तासांवर चिडा.

या इंजेक्शनला घड्याळ आहे. २०१० मध्ये अपघाताच्या पेशंटवर झालेल्या मोठ्या तपासणीत ४० देशांतले २०,२११ पेशंट होते, भारतातलेही. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावानं मरणाऱ्यांचं प्रमाण ७.७ टक्क्यांवरून ५.३ वर आलं. १ ते ३ तासांत दिलं तरी फायदा, पण कमी. आणि ३ तास उलटून गेल्यावर दिलं तर उलटंच झालं, न दिलेल्यांत ३.१ टक्के आणि दिलेल्यांत ४.४. म्हणजे उशिरा दिलेलं नुसतं वाया जात नाही, ते अंगावर येतं. नंतर बाळंतपणाचे आणि अपघाताचे मिळून ४०,००० वर पेशंटचे आकडे एकत्र तपासले तेव्हा दिसलं की दर १५ मिनिटांच्या उशिरानं फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटत जातो. १५ मिनिटं म्हणजे काय हो, नातेवाईकांची 'सिव्हिलला न्यायचं की प्रायव्हेटला' ही चर्चाच तेवढी चालते.

पहिल्या दवाखान्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं बोलेन. पोटाला मार, नाडी पळतेय, बीपी उतरतंय, अशा पेशंटला पुढे पाठवताना १ ग्रॅम सावकाश शिरेतून देऊन, चिठ्ठीवर वेळ लिहून पाठवायला हवं होतं. (त्याच्यामागे ८ तासांत आणखी १ ग्रॅम सलाईनमधून जातं, ते पुढच्या हॉस्पिटलनं बघायचं.) महाग औषध नाही, ऑक्सिटोसिनसारखं फ्रीजमध्येही ठेवावं लागत नाही, साध्या कपाटात राहतं. ते त्यांच्याकडे नव्हतं की सुचलं नाही ते मला इथून कळणार नाही, पण हायवेला लागून असलेल्या प्रत्येक दवाखान्यात असलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही स्वतः काय करायचं ते पण ऐका. बाहेरून रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, गमछा जे असेल ते जखमेवर दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका, १०८ ला फोन करा आणि अपघाताची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. 'मघाशी झाला' नको, '७ ला झाला' असं सांगा. त्या एका वाक्यावर पुढचा निर्णय ठरतो.

अमळनेरहून एक ताई विचारतात: आमच्या काकांना लिव्हरचा त्रास आहे (कारण तुम्ही ओळखलं असेल), रक्ताची उलटी झाली तर घरीच देता येईल म्हणून हे इंजेक्शन आणून ठेवलं तर चालेल का? कंपाउंडर ओळखीचा आहे.

नाही. आणलं असेल तर परत करा. रक्ताच्या उलटीत आणि काळ्या संडासात याचा फायदा होतो असं आम्हीही बरीच वर्षं धरून चाललो होतो, मीसुद्धा दिलंय, लपवत नाही. २०२० साली १२,००९ पेशंटची तपासणी आली आणि मृत्यू कमी झालेच नाहीत, वर शिरेतल्या गाठी आणि फिट्स थोड्या वाढल्या. लिव्हरवाल्यांच्या अन्ननलिकेत शिरा फुगून फुटतात, तिथे दुर्बीण घालून रबर बँड लावावा लागतो, तो काही ओळखीच्या कंपाउंडरकडे नसतो. उलटी झाली तर काकांना कुशीवर झोपवा, तोंडात काही देऊ नका, गाडी काढा.

शिरपूर तालुका, पाड्यावरच्या शाळेतले एक सर:
आमच्या सालदाराला कापूस वेचताना फुरसं चावलं. हिरड्यातून रक्त यायला लागलं, सुई टोचली तिथूनही थांबेना. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त एका काचेच्या नळीत घेतलं आणि चक्क २० मिनिटं बघत बसले! रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलंच नाही. हा हलगर्जीपणा नाही का?

सर, ते नुसते बघत बसले नव्हते, तीच टेस्ट आहे. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, टेबलावर ठेवायचं, २० मिनिटं हलवायचंही नाही, मग एकदाच तिरकी करून बघायचं. गोठलं असेल तर नळीत दह्यासारखं थबकून राहतं, नाहीतर पाण्यासारखं काठाला येतं. पाण्यासारखं आलं म्हणजे विष रक्तात भिनलंय, सापाच्या विषावरचं इंजेक्शन लावा. मशीन नको, लाईट नको. नळी प्लास्टिकची मात्र चालत नाही, काचेला लागूनच रक्त गोठायला सुरुवात होते.

ट्रॅनेक्सॅमिक का नाही? वर यावलच्या दादांना बांध आणि खेकडा सांगितला. फुरसं किंवा घोणस चावल्यावर भानगड वेगळी असते, तिथे विष बांधाची मातीच खाऊन टाकतं, गोठायला लागणारा माल रक्तात उरतच नाही. बांधच नाही तर खेकड्याच्या नांग्या बांधून काय करणार? आधी विष मारायला पाहिजे, म्हणजे एएसव्ही, तेच सापाच्या विषावरचं इंजेक्शन. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं, साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. मला एकदा एकानं जिवंत आणून दाखवला होता, त्या दिवशी कॅज्युअल्टीत पेशंट सोडून सगळे टेबलावर चढलेले.

तुमच्या सालदाराला एएसव्ही लागलं आणि तो वाचला असं पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय. मग त्या डॉक्टरांना शाळेत बोलवा आणि पोरांना ती नळी दाखवायला सांगा.

भुसावळ, दोन पोरांची आई: उन्हाळ्यात धाकट्याचा घोळणा फुटतो सारखा. गोळी देऊ का?

पारा ४५ ला गेल्यावर भुसावळात मोठ्या माणसांचाही फुटतो. गोळी नको. डोकं मागे टाकायचं नाही, पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग (हाडाचा नाही) चिमटीत धरून १० मिनिटं सलग दाबायचं, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचा. रात्री नाकपुडीत थोडं व्हॅसलिन. २०-३० मिनिटांत थांबलं नाही, अंगावर काळेनिळे डाग दिसले किंवा हिरड्यातूनही येत असेल तर मात्र दाखवा. हिमोफिलियासारखा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार निघाला तर त्या पोरांना दात काढताना वगैरे हेच औषध मुद्दाम देतात, पण ते डॉक्टर ठरवतील.

नंदुरबारहून, 'नाव छापू नका' असं तीनदा लिहिलेलं पत्र: माझ्या चेहऱ्यावर वांग आलंय, पार्लरवाल्या ताईंनी ट्रॅनेक्सॅमिकच्या गोळ्या सांगितल्या. रक्ताचं औषध तोंडाला कसं काय? घेऊ का?

नाव छापलेलं नाही. वांगावर (भरताचं नव्हे) हे औषध त्वचेचे डॉक्टर खरंच देतात, कमी डोसमध्ये, काही महिने. पण द्यायच्या आधी ते चार गोष्टी विचारतात ज्या पार्लरमध्ये कोणी विचारत नाही: कधी पायात किंवा फुप्फुसात गाठ झाली होती का, फिट येतात का, किडनीचा त्रास आहे का, आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्या गोळ्या आणि ही गोळी एकत्र घेतली की गाठ होण्याचा धोका वाढतो. तुमच्या भागात सिकल सेल बऱ्याच घरांत आहे, त्यातही शिरा तुंबतात, तेव्हा तो रिपोर्ट असेल तर तोही दाखवा. पार्लरवाल्या ताईंकडून आयब्रो करून घ्या.

आणि शेवटचं, धुळ्याहून जीएनएमच्या (नर्सिंगच्या) शेवटच्या वर्षाच्या एका पोरीचं:
मॅडम, ओटीत माझी पोस्टिंग चालू आहे. सिझरसाठी मी स्पायनलचा (पाठीतून द्यायच्या भुलीचा) ट्रे लावत होते, त्यात चुकून ट्रॅनेक्साचा अँप्युल ठेवला गेला. भूलवाले सर सगळ्यांसमोर एवढे ओरडले की मी रडले. उचललं पण नव्हतं कोणी, नुसता ठेवला होता. एवढं काय झालं?

बाळा, रडलीस त्याचं वाईट वाटलं, ओरडण्याची पद्धत सरांची चुकलीच असेल. पण मी असते तर मीही ओरडले असते, म्हणून तुला नीट सांगते.

हे औषध शिरेत गेलं तर जीव वाचवतं. तेच पाठीतून मणक्याच्या पाण्यात गेलं तर पेशंटला पाठीत आणि पायात भयंकर वेदना सुरू होतात, मग पाय झटके द्यायला लागतात, मग पूर्ण फिट, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि अशा घटना जेवढ्या नोंदल्या गेल्यात त्यातले जवळपास निम्मे पेशंट गेलेत. होतं कसं? स्पायनलला आपण बुपिव्हॅकेन 'हेवी' वापरतो, त्याचाही छोटा काचेचा अँप्युल, याचाही छोटा काचेचा अँप्युल, दोन्हीत पाण्यासारखं रंग नसलेलं औषध, आणि सिझर रात्री अडीचला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये यावर खास इशारा दिला: हे भुलीच्या औषधांजवळ ठेवूच नका.

माझ्यासमोर हे घडता घडता राहिलंय. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगत नाही, वीसेक वर्षं झाली. दिवसाचं सहावं सिझर होतं, पेशंट बसलेली, पाठ रंगवून झालेली, बाहेर तिची आजी दाराला कान लावून. मी ग्लोव्ह घालून उभी, सिस्टरनी अँप्युल फोडून माझ्यापुढे धरला आणि मी सिरिंजमध्ये ओढायला सुरुवात केली. ओढताना वाटलं, हे आज जास्त का भरतंय? बुपिव्हॅकेन ४ मिली, इथे पाचच्या रेघेपर्यंत गेलं. अँप्युल फिरवून बघितला. सिस्टरचा चेहरा आणि माझा चेहरा, दोन्ही मास्कमध्ये होते ते बरं झालं. सिरिंज फेकली, नवीन घेतली, नवीन अँप्युल, यावेळी मोठ्यानं वाचून. सिझर झालं, मुलगी झाली, बाहेर आले तर आजीनं हात धरून विचारलं, 'माय, मन्ही पोर बरी शे ना?' मी म्हटलं बरी शे आजी, आणि चेंजिंग रूममध्ये जाऊन दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिले.

तेव्हा तू असं कर. स्पायनलच्या ट्रेवर या औषधाला जागाच ठेवू नकोस, ते दुसऱ्या ट्रॉलीवर, बाळंतपणातल्या रक्तस्रावाच्या बॉक्समध्ये, 'ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये आहे' अशा चिठ्ठीसोबत. बॉक्सला लाल चिकटपट्टी लाव. अँप्युल फोडायच्या आधी नाव मोठ्यानं वाचायचं, आणि समोरच्यानं परत वाचेपर्यंत फोडायचा नाही, समोर कितीही मोठे सर असले तरी. ते म्हणतील काय शाळा लावलीस. म्हणू देत. आमच्याकडे ती सिस्टर रिटायर होईपर्यंत प्रत्येक अँप्युल असा वाचायची की बाहेर व्हरांड्यात बसलेल्या नातेवाईकांनाही औषधांची नावं पाठ झाली होती.